गंगाक्काची पाठराखीण

"म्या एकली न्हाय ऱ्हायाची!" गंगाक्कांनी खाटेचा दांडा धरला तो सोडेनात. मुलगा परशा रडत होता. सून तानी कंग्राळीहून आणलेलं गाठोडं घेऊन नुसती उभी होती.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. बेळगावात म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात मी नर्स होते. गंगाक्कांचा खुबा मोडलेला. घरचे सगळे शेतात, त्यामुळे दिवसभर पडून पडून पाठीला जखमा झालेल्या. आमच्याकडे रोज दोनदा 'बॅक' करायचो. म्हणजे कूस बदलायची, पाठ स्पिरिटने पुसायची, पावडर लावायची. हे चुकलं की जखम चिघळते आणि माणूस हातचं जातं. त्यांना परत पाठवणं मला परवडणारं नव्हतं.

"आक्का, काय केलं म्हणजे राहाल?"

"सासरला आलतो तवा पाठराखीण हुती. हितं नको व्हय?"

मी तडक सुपरिंटेंडेंटसाहेबांकडे जाऊन पाठराखिणीचं सांगितलं.

"सिस्टर, ही ॲडमिशन आहे की वरात?"

"वरातच समजा, साहेब. सुनेला तीन दिवस राहू द्या."

साहेब हसले आणि तिथंच फसले.

पहिल्या दिवशी पाठराखीण बारा तास झोपली. दुसऱ्या दिवशी तिने अख्ख्या वॉर्डाला उखाणे घ्यायला लावले. बोळक्या तोंडाच्या एका आजीने लाजत नवऱ्याचं नाव घेतलं, तेव्हा हसून हसून माझ्या हातातलं स्पिरिट सांडलं. गंगाक्का तर कूस बदलताना ओरडायचंच विसरल्या. काय मजेचे दिवस होते ते!

चौथ्या दिवशी परशा गाडी घेऊन आला. आता तानीच हलेना.

"आणि दोन दीस ऱ्हातो की," ती मला म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं कुणी कुठं ऱ्हायाला धाडलंच न्हाय."

परशाने मान खाली घातली. गंगाक्कांनी सुनेकडे नीट बघितलं. मग कडाडल्या, "परशा, हिला सरळ नंदगडला म्हायेराला सोड. पंधरा दीस. भाकरी तू थाप!"

"आन् तू गं आये?"

"मला काय धाड भरल्या? हितं लई बायका हाइत."

तानी हसत-रडत गाडीत चढली. गंगाक्कांच्या जखमा हळूहळू भरल्या. परशाच्या भाकरी कशा झाल्या ते त्याने कधी सांगितलं नाही.

पुढे नोकरी संपेपर्यंत ॲडमिशन घेताना मी पेशंटची पाठ तपासायची आणि सोबतच्या बाईला विचारायची, "माहेरी शेवटचं कधी गेला होतात?" फॉर्मात त्याला रकाना नव्हता. मी समासात लिहायची.