बिअरचा काढा निववताना

नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा आम्ही संभाजीनगर सोडून तेरला, सासरच्या गावी, परत आलो. तिकडं ते बिअरच्या कारखान्यात होते, सगळी नोकरी तिथंच झाली. फार पिणारे नव्हते. घोटभर जिभेवर घोळवायचे आणि माल कुठं बिघडला ते सांगायचे. आता डायलिसिससाठी धाराशिवच्या खेपा आणि डॉक्टरांनी घालून दिलेलं दिवसाला एक तांब्याभर पाणी. चहा, ताक, वरण, सगळं त्यातच धरायचं. त्यात उन्हाळा आमच्याकडचा. बोलता बोलता त्यांची जीभ टाळूला चिकटायची.

अशात त्यांनी घरी बिअर करायचं मनावर घेतलं. पुण्याहून माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, कडवटपणाला हॉप्सची वाळलेली फुलं, आंबवायला यीस्टची पुडी मागवली.

सासूबाई म्हणाल्या, "घरात दारू गाळतूस व्हय रं?"

"गाळत न्हाय आई, उकळतोय नुसतं."

"आन् पिणार कोण?"

ते मोठ्या पातेल्यातला माल्टचा काढा ढवळत राहिले.

पहिला काढा वाया गेला. उकळून झाला तेव्हा ते इतके दमले होते, की मीच म्हणाले, "झाकून ठेवू, निवेल आपोआप." पण त्या उकाड्यात पातेलं निवेना. दुसऱ्या दिवशीही कोमटच. झाकण काढलं तर शिळ्या आंबिलीसारखा भपकारा आला. दिरानं तो उकिरड्यावर नेऊन ओतला.

"कोमट राहिला की हवेतलं काय बी त्यात रुजतं," ते म्हणाले. "यीस्ट टाकायच्या आधी झटक्यात गार व्हायला पाहिजे. कारखान्यात मशीन होती."

मग दिरानं फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची नळी आणली आणि एका डब्याभोवती गुंडाळून तिचं वेटोळं केलं. पुढच्या खेपेला उकळी चालू असतानाच ते काढ्यात सोडलं, म्हणजे तेही उकळून स्वच्छ झालं. गॅस बंद केला आणि नळीतून गच्चीवरच्या टाकीचं पाणी सोडलं. दुसऱ्या टोकातून कढत पाणी यायला लागलं. सासूबाई पुटपुटत उठल्या आणि त्यांनी त्याखाली बादली धरली. त्या पाण्यात त्यांनी आपल्या आजारी मुलाच्या चादरी भिजवल्या.

पण टाकीचं पाणीच उन्हानं तापलेलं. काढा त्या पाण्याइतका उतरला आणि तिथंच अडला. खुर्चीत बसून ते थर्मामीटरकडं बघत होते. "आता न्हाय सरकायचा," म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

मला ते बघवेना. मी कूलर उघडला आणि त्यातली पाण्याची छोटी मोटर काढली. दीर रसवंतीवरून बर्फाची लादी घेऊन आला. टबात बर्फ फोडला, त्यात पाणी आणि मोटर. तेच गार पाणी नळीतून फिरून परत टबात येऊ लागलं.

"बरं झालं बर्फ आधी न्हाय लावला," ते म्हणाले. "उकळत्या काढ्यानं सगळा खाऊन टाकला असता."

आता काटा भराभर उतरू लागला. ते पातेल्याला बाहेरून तळहात लावून बसले. कूलर बंद होता, घामानं आम्ही निथळत होतो आणि समोर टबभर पाणी खळखळत होतं. त्यांची नजर त्या टबावरून हलेना.

"एक खडा दे," ते हळूच म्हणाले.

त्यांचा त्या दिवसाचा तांब्या कधीच संपला होता. मी सासूबाईंकडं पाहिलं, त्या भिंतीकडं बघत होत्या. टबातला बर्फ बाहेरचा, म्हणून मी आत जाऊन फ्रिजमधला बोराएवढा खडा आणून त्यांच्या जिभेवर ठेवला. लहान मुलासारखे ते तो चोखत राहिले. संपल्यावर म्हणाले, "आता यीस्ट टाक."

काढा झाकणाच्या कॅनमध्ये भरून अंधाऱ्या खोलीत ठेवला. गार राहावा म्हणून भोवती ओलं पोतं. झाकणाच्या नळीतून बुडबुडे यायला लागले, की ते कॅनला कान लावून ऐकायचे.

बुडबुडे थांबायच्या आत ते गेले. डायलिसिसला जाताना वाटेतच धाप लागली. दवाखान्याच्या दारापर्यंत माझा हात त्यांच्या हातात होता.

सुतकातही मी ते पोतं ओलं करत होते. का, ते मला सांगता आलं नसतं. कुणी विचारलंही नाही.

तेराव्यानंतर कारखान्यातले त्यांचे एक सोबती भेटायला आले. मी त्यांना कॅन दाखवला. त्यांनी पेलाभर बिअर काढली, वास घेतला, घोट घेऊन बराच वेळ तोंडात धरला.

"वैनी, फेस अजून न्हाय. पण साफ उतरलीय. या उन्हात कसं जमवलं?"

मी कूलरच्या मोटरचं सांगायला लागले आणि मधेच कॅनभोवतीचं पोतं नीट करू लागले.

आतून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणत्यात?"

"चांगली झालीय म्हणतात."

त्या दारात आल्या. पाहुण्यांकडं न बघता म्हणाल्या, "हितं ठिवून काय करायचं? तुमी घिऊन जावा. तिकडं त्याच्या बरुबरीच्यास्नी द्या."

आम्ही बाटल्या धुतल्या, फेस धरायला प्रत्येकीत चिमूटभर साखर घातली आणि भरल्या. सोबती त्या घेऊन गेले. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. फेस धरला होता, सगळे जमले होते, प्रत्येकाला थोडी थोडी आली.

"कुणी काही म्हणालं का?" मी विचारलं.

"न्हाय वैनी," ते म्हणाले. "सगळ्यांनी घोट जिभेवर घोळवला, त्यांच्यासारखा."