वारा दिसेल असं चित्र

सकाळी डोळे उघडले की हार्लंड गप्टिल आधी बायकोकडे नाही, खिडकीकडे बघायचा. लग्न झाल्यापासून हा क्रम काही बदलला नव्हता. खिडकीबाहेर आखात. पाणी चढतंय की उतरतंय, धुकं कुठवर सरकलंय, वारा कुठला, हे सगळं एका नजरेत गिळून झालं की तो म्हणायचा, "नैर्ऋत्येचा आहे." नाहीतर, "उत्तरेला वळलाय गं." त्या घरातलं 'उठलीस का' ते हेच. वेल्मा चहा उकळत ठेवता ठेवता "असू दे" म्हणायची, आणि दिवस सुरू व्हायचा.

त्या वसंतात डॉक्टर म्हणाले, हार्लंडची मूत्रपिंडं थकलीत. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुवावं लागेल, आणि यंत्र लांब शहरात. त्याच शहरात, सेंट जॉनला, हार्लंड-वेल्माची मुलगी कोरिन राहायची. तिने खालची खोली रिकामी केली, नवा पलंग आणला, पडदे शिवले. हार्लंडने फोनवर एवढंच विचारलं, "खिडकीतून काय दिसतं?"

"शेजाऱ्यांची भिंत, बाबा."

"आणि भिंतीच्या वर?"

"त्यांचं छप्पर."

हार्लंडने फोन वेल्माच्या हातात दिला आणि पावाचा तुकडा काकवीत बुडवत तो म्हणाला, "मी नाही जायचा. उठल्यावर वारा कुठला तेच कळत नसेल, तर माणसाने उठायचं कशाला?"

वेल्माला रडू यायला हवं होतं, पण तिला राग आला. "भिंतीवर आखाताचा फोटो लावू. चांगला मोठा."

"फोटोत आखात तळहाताएवढं होतं. आणि वारा मरतो."

"मग मी काढते चित्र."

हार्लंड हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. "तू? शाळेत तू गाय काढलीस तेव्हा बाईंनी विचारलं होतं, हे टेबल कुणाच्या घरचं?"

"तुझ्या घरचं, म्हटलं होतं मी."

"बरं, ऐक, म्हातारे. बघून मला वारा सांगता येईल असं चित्र काढ. तू तोंड उघडायचं नाहीस, मी ओळखणार. ओळखला, तर निमूट येईन."

"शब्द?"

"शब्द."

दिला होता थट्टेतच. पण हार्लंडने थट्टेतही दिलेला शब्द कधी मोडलेला वेल्माने पाहिला नव्हता. तिने रात्रीचं जेवण झाल्यावर ताटंसुद्धा न विसळता फोन करून वाचनालयातल्या चित्रकलेच्या वर्गाला नाव नोंदवलं.

वर्ग घ्यायच्या लेनोर तिबोदो. शाळेतून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या, गळ्यात नेहमी लोकरीचा रुमाल. वेल्माची सगळी उमर बंदरावरच्या कारखान्यात हेरिंग मासळीची डोकी कात्रीने उडवण्यात गेलेली. तिच्या हातात पेन्सिल आली ती कात्रीसारखीच आली. पहिल्याच रेघेला कागद फाटला.

"वेल्माबाई," लेनोरबाई मान कलती करून म्हणाल्या, "कागदाने काय वाईट केलंय तुमचं?"

वर्ग खिदळला. वेल्मा सगळ्यांत मोठ्याने.

"मूठ सैल सोडा. मनगट नाही, खांदा फिरू दे. आणि हे समुद्राकाठचे कडे लांबचे आहेत ना? मग त्यांना कुजबुजत काढा. कडक पेन्सिल घ्या, हलकी फिरवा. जवळचं असेल तेवढंच मोठ्याने बोलायचं, मऊ पेन्सिलीने. तुमच्या चित्रात सगळेच एकदम ओरडतायत."

मग त्यांनी पापण्या जवळजवळ मिटायला सांगितल्या. "आता पापण्यांच्या फटीतून बघा. जे उरेल तेवढंच काढायचं. बाकीचं नाही."

वेल्माने बघितलं. खिडकीबाहेरची झाडं, मोटारी, चर्चचा कळस, सगळं विरघळलं. उरले दोन-तीन काळोखे ढिगारे आणि त्यांच्यामधून वाहणारा उजेड. झोप लागता लागता जग असंच दिसतं. इतकी वर्षं आपण डोळे फार उघडे ठेवून जगलो की काय, असं तिला वाटून गेलं.

पण वर्गात पापण्या मिटणं वेगळं आणि गावात मिटणं वेगळं. बंदराच्या धक्क्यावर मासळीचा रिकामा खोका पालथा घालून ती चित्राला बसली, की येणारा-जाणारा तिच्या खांद्यावरून डोकावल्याशिवाय पुढे जात नसे. शेजारचा ऑर्लन फिच तर वाळवलेलं समुद्रशेवाळ सुपारीसारखं चघळत मागे उभाच.

"आमचं धुराडं कुठाय?"

"तुमचं घर मागे लपतं इथून, ऑर्लन."

"लपतं म्हणून काय झालं? आहे ना तिथे? आयुष्यभर तुमच्या अंगणात धूर सोडतंय, ते काय लपून?"

वेल्माने धुराडं काढलं. धूरही काढला. दुसऱ्या दिवशी पलीकडची विनोना आली, तिची कपडे वाळत घालायची दोरी राहिलेली. मग पोस्टातली बाई म्हणाली, झेंडा नाही काढला तर लोकांना पोस्ट कसं सापडेल? कुणाचं घर वगळायचं म्हणजे त्याला लग्नाला न बोलावण्यासारखंच. वेल्मा कुणाला नाही म्हणणार? रोज थोडं थोडं करत सगळं गाव कागदावर आलं, सगळी घरं सारख्या उंचीची, सगळ्यांची दारं समोर, जणू फोटोसाठी ओळीने उभी राहिलेली. आणि आखात? ते त्यांच्या डोक्यावर उरलेल्या पट्टीत.

हार्लंडने चष्मा लावला. चित्र लांब धरलं, जवळ धरलं.

"पोस्टाचा झेंडा म्हणतोय, वारा पश्चिमेचा. ऑर्लनचा धूर म्हणतोय, पूर्वेचा. आणि विनोनाच्या चादरी म्हणतायत, वाराच नाही." त्याने चष्मा काढला. "अगं, हे आखात आहे की भांडण?"

वेल्माला हसू आवरेना, आणि हसता हसताच तिच्या ध्यानात आलं. वेगवेगळ्या दिवशीचे वारे तिने एकाच कागदावर आणून बसवले होते. मच्छीमाराच्या बायकोने!

उन्हाळा कलला. हार्लंडच्या पावलांना सूज चढली, बुटांचे बंद बांधता येईनात. कोरिनचा फोन आला. पुढच्या मंगळवारपासून यंत्रावर बाबांची जागा आहे, नाही आलात तर दुसऱ्या कुणाला देतील. वेल्माने निरोप सांगितला. हार्लंड म्हणाला, "दुसऱ्याला मिळू दे. त्यालाही बायको असेल." वेल्माकडे उत्तर होतं ते पेन्सिलीचं, आणि पेन्सिल काही जमत नव्हती.

त्याच आठवड्यात एका सकाळी खिडकीबाहेर काहीच नव्हतं. धुकं थेट काचेला येऊन टेकलेलं. हार्लंडने बघितलं, आणि वारा न सांगता तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

ती शांतता वेल्माला सोसवेना. तिने त्याचाच जुना स्वेटर चढवला, पेन्सिली खिशात कोंबल्या आणि चाचपडत खाली गेली. धक्का नव्हता. गाव नव्हतं. पायाखालचे गोटे तेवढे होते, आणि पाणी कुठेतरी श्वास घेत होतं. ती एका खडकावर बसली. धुक्याच्या आतून आणखी एक धुकं पुढे येत होतं, दुधात दूध ओतावं तसं. आपण जागे आहोत की घरात, अंथरुणात आहोत, हेही तिला नीटसं सांगता आलं नसतं.

मग हळूहळू समोर हार्लंडच्या कोंडवाड्याचे खुंट उगवले. समुद्रात उंच खुंट रोवून, जाळी बांधून केलेला हेरिंगचा कोंडवाडा. त्या किनाऱ्यावर प्रत्येक कोंडवाड्याला नाव असे, गलबताला असतं तसं. हार्लंडच्याचं नाव 'उद्या बघू'. हेरिंग येईनाशी झाली, जाळी उतरली, खुंट राहिले. आत्ता त्यातले जवळचे काहीच दिसत होते, त्यामागचे फिकट, आणि त्यामागचे आहेत की नाहीत असे. पापण्या मिटायचीसुद्धा गरज नव्हती. सकाळनेच पापण्या मिटल्या होत्या.

वेल्माने जवळचे खुंट मऊ पेन्सिलीने काढले. खाली काळे दिसले, खाली काळे काढले. वर राखाडी, वर राखाडी. का, ते तिने विचारलं नाही. मागचे कडक पेन्सिलीने, कागदाला हात लागतोय न लागतोय असे. त्यामागे कागद तसाच सोडला. खुंटांवर कुरव पक्षी बसले होते, त्यांना एकेक ठिपका आणि एकेक चोच दिली.

धुक्यातून ऑर्लनचा आवाज आला. "वेल्मा, तूच ना ती? या असल्यात काय दिसतंय तुला?"

"तुमचं धुराडं नाही, एवढं नक्की."

"मग कशाला काढतेस?" असं कुरकुरत पावलं लांब गेली.

घरी येऊन तिने चित्र हार्लंडच्या पांघरुणावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. किटलीचा आवाज होत होता, म्हणून तिने किटली खाली उतरवली. चित्रात होतं तरी काय? चार काठ्या आणि कोरा कागद. झेंडा नाही, धूर नाही.

बराच वेळ गेला.

"नैर्ऋत्येचा," आतून आवाज आला.

ती दारात आली.

"कुरव सगळे उजवीकडे, म्हणजे नैर्ऋत्येला, तोंड करून बसलेत. वाऱ्याला पाठ करून बसले तर पिसं उलटी होतात त्यांची." त्याचं बोट कागदावर न टेकता खुंटांवरून फिरत होतं. "आणि पाणी उतरतंय. अर्धं उतरलंय. खुंट पाण्याच्या वर एवढे ओले आहेत म्हणजे आत्ताच सोडलेत पाण्याने. दुपारपर्यंत धुकं फाटेल." बोट एका खुंटावर थांबलं. "हा तिसरा, वाकडा, हा मी रोवला होता. दारू पिऊन."

"मला काही माहीत नव्हतं," वेल्मा म्हणाली. "मी फक्त दिसलं ते..."

"माहीत नव्हतं म्हणून तर जमलं. माहीत असतं तर कुरवाला टोपी घातली असतीस."

त्याचा चेहरा बघून वेल्माला वाटलं, आपण जिंकू नये म्हणून कुणी प्रार्थना करत होतं का? आणि ते कुणी म्हणजे आपणच नव्हतो ना?

"कोरिनला सांग, येतो मंगळवारी." त्याने डोळे पुसले नाहीत, ओलेच राहू दिले. "पण हे एकटं पुरायचं नाही, वेल्मा. रोज का नैर्ऋत्येचा असतो?"

"मग?"

"उत्तरेचा पाहिजे. पूर्वेचा पाहिजे, पावसाआधीचा. मंगळवारपर्यंत जे जे येतील ते सगळे. मी सकाळी उठून त्यातला एक निवडीन. चुकीचा निवडला तर तिथे कोण येणारे सांगायला?"

दुपारी धुकं फाटलं. वेल्मा दोन्ही पेन्सिलींना टोकं काढत खडकावर बसली. शेजारी, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून आणून, हार्लंड बसला होता, पायांत सपाता, मांडीवर घोंगडी. पाणी चमकत होतं, खुंट लांबवर गेलेले वाटत होते. दोघं वारा फिरायची वाट बघत होते.

"आता?" तिने विचारलं.

"घाई करू नकोस."

"आता? गाल गार लागतोय मला."

"तो नुसता विचार करतोय अजून. पेन्सिल हलकी धर, अगं. थांब. थांब जरा."