बांधीतला बगीचा

गोंदियाच्या आमच्या मोहल्ल्यात राइस मिलमागे एक पडीत जागा होती. स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली, तरी तिथला उकिरडा काही हलत नव्हता. मी आणि माझी सासू एका दाराच्या अंधाऱ्या खोलीत विड्या वळायचो. सासूची नजर अधू होत चालली होती. तिच्या विड्या वाकड्या यायला लागल्या, तसा विडी कारखान्याचा मुनीम म्हणाला, हे असंच राहिलं तर दिवाळीनंतर म्हातारीला वळायला तेंदूपान देणार नाही. हातचं काम गेलं तर ती खचेल, या भीतीने माझा जीव खाली-वर व्हायचा.

त्यातच नगरपालिकेच्या साहेबाने बजावलं, दिवाळीपर्यंत मिलमागच्या त्या जागेत बगीचा करून दाखवा, नाहीतर जागा लाकूडवाल्याला देतो. मग काय, सगळा मोहल्ला कामाला लागला. उकिरडा उपसला, चुन्याने जमिनीवरच नकाशा आखला. कुणाला झोपाळा हवा, कुणाला जास्वंद, कुणाला कुस्तीची माती. सासूने एकच मागितलं, तिथल्या कडुनिंबाखाली विड्या वळायला ओटा.

पण आम्ही पडलो तिरोड्याकडचे धानवाले! माती दिसली की हात आपोआप बांध घालतात. बाप्यांनी प्रत्येक वाफ्याला असा चापूनचोपून बांध घातला, की श्रावणात बगीच्याची बांधी झाली, म्हणजे धानाचं खाचरच. घोटाभर पाणी साचलं, रोपं पिवळी पडली. येणारे-जाणारे विचारायचे, धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, कधी करता? माझं डोकं असं तापायचं!

बांध फोडला की झालं, पण फोडायचा कुणी? भरल्या बांधीचा बांध फोडणं आमच्यात घोर पाप, त्यापायी सख्खे भाऊ जन्माचे तुटलेले. बाप्ये कुदळी घेऊन एकमेकांची तोंडं बघत उभे. मीही उभीच. शेवटी सासूच चाचपडत पाण्यात उतरली.

"इथं का धान पिकवाचं हाये? भेता कायले?" असं म्हणून पहिला घाव तिनेच घातला. मग लाजेकाजेस्तव सगळे वाकले.

अर्धी रोपं मेली, अर्धी तगली. ओटा मात्र पक्का झाला. साहेब येऊन फिरला, ओट्यावर बसून पाणी प्यायला, आणि जागा मोहल्ल्याची राहिली.

दुसऱ्या दिवसापासून सासूने ओट्यावरची सगळ्यात उजेडाची जागा धरली. आठवड्याने मुनिमाने तिच्या विड्या उलटूनपालटून पाहिल्या, एकही बाजूला काढली नाही. तिचं पान चालू राहिलं. मला रडूच आलं. तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या सुपातली एक विडी उचलून दोन बोटांत दाबून बघितली.

"तुही विडी ढिली होऊन राहिली व," ती म्हणाली आणि अर्धी जागा सोडून सरकली. "इकडे ये. इथं चांगलं दिसते."