अर्धी वाटी खीर

मी चिडका माणूस आहे. भांडुपच्या आमच्या वस्तीत मी कुणाचं तोंडभर कौतुक केलेलं कुणाला आठवणार नाही. पण माझी मोठी बहीण मालन, आमची ताई, हिच्याबद्दल सांगायचं तर कौतुकच करावं लागतं. माझा नाइलाज आहे.

चाळिशीतच माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पाणी मोजून, दुधाचे पदार्थ बंद. श्वेता, माझी बायको, किडनी द्यायला एका पायावर तयार होती, पण तिला मधुमेह. राहिली ताई. तिचं सगळं जुळलं आणि गाडी तिच्या वजनापाशी अडली.

डॉक्टर सरळ बोलले, ‘‘एवढ्या वजनावर यांचं ऑपरेशन मी करणार नाही. बारा-तेरा किलो उतरवा. पण सावकाश, नीट जेवून. उपास करून अंगातलं रक्त कमी केलंत, तर परत नाहीच म्हणेन.’’

ताईच्या कानात फक्त किलो शिरले. मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघून तिनं दुसऱ्याच दिवसापासून सुरुवात केली. सकाळी लिंबूपाणी, दुपारी कोबीचं सूप, रात्री दुपारच्या कोबीची आठवण. ही बाई मुलुंडच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये दीडशे माणसांचं जेवण रांधते. दिवसभर फोडण्यांच्या वासात उभं राहायचं आणि पोटात कोबीचं पाणी! मी ओरडलो, श्वेता ओरडली, तिनं कुणाला जुमानलं नाही.

बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना चालू असताना ती धाडकन खाली कोसळली.

द्रौपदीआजी आमच्या विहारातली सगळ्यात जुनी बाई. दरवर्षीची खीर तिच्याच हातची. तिनं ताईच्या तोंडावर पाणी मारलं, काय चाललंय ते श्वेताकडून ऐकून घेतलं आणि सगळ्यांदेखत तिला फैलावर घेतलं.

‘‘मालन, समोर बघ. कुणापुढं हात जोडून उभी होतीस गं? भगवान बुद्धांनीपण उपास करून बघितला होता. हाडांचा सापळा झाला. मग उठले आणि सुजाताच्या हातची खीर खाल्ली. दरवर्षी मी ही खीर कशासाठी करते मग? तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं काय?’’

ताई खाली मान घालून बसली. आजीनं तिच्या हातात खिरीची अर्धी वाटी दिली. ‘‘अर्धीच. जास्त मागितलीस तर देणार नाही, आणि टाकलीस तर घरी सोडणार नाही.’’

ताईनं ती खाल्ली. त्या दिवसापासून कोबी बंद झाला आणि खरं काम सुरू झालं.

खरं काम म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. ताईचं वजन वडापावनं वाढलेलं नव्हतं. ते उरल्यासुरल्यानं वाढलं होतं. आमचे आईवडील दुष्काळात जालन्याहून इथे आले. ताईनं लहानपणी भूक बघितलेली. त्यामुळे पोरांच्या ताटातला भात, पातेल्याच्या तळाची आमटी, कँटीनमधली उरलेली चपाती, सगळं शेवटी तिच्या पोटात जायचं. अन्न टाकणं तिला पाप वाटायचं, अजूनही वाटतं.

मग तिनं टाकायचं नाही, तर उरूच द्यायचं नाही असं ठरवलं. घरात मापानं शिजू लागलं. तिचा मुलगा चैतन्य कुरकुरला, ‘‘आई, भात संपला? काय यार!’’ तर म्हणाली, ‘‘भाकरी आहे ना, ती खा.’’ स्वतःच्या तीन भाकऱ्यांच्या दोन झाल्या, मग दीड. रविवारचं मटण सोडलं नाही. रस्सा घेतला, फोडी कमी केल्या. चहात साखर अर्धा चमचा. कँटीनमध्ये उरलेलं डब्यात भरून वॉचमनला देऊ लागली. संध्याकाळी रिक्षा सोडून चालत घरी यायची. बस्स, एवढंच. सांगायला अगदी सोपं. करायला किती अवघड, ते तिचा हात पातेल्याकडे जाऊन मागे फिरताना मी बघितलंय.

वजन उतरत होतं, पण मुंगीच्या पावलांनी. पावसाळ्यात तर काटा हलेचना. त्यातच एक दिवस माझ्या छातीत पाणी झालं आणि मला ॲडमिट केलं. श्वास पुरत नव्हता. वेळ फार उरलेला नाही, हे मला कळत होतं आणि तिलाही.

दुपारी ताई आली. माझ्याकडे बघून तिचा चेहराच उतरला. मला वाटलं, झालं, आता ही परत कोबीवर जाणार. मीच म्हणालो, ‘‘ताई, उपाशी राहू नकोस गं.’’

ती स्टुलावर बसली, पिशवीतून डबा काढला. दीड भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर डाळ. एकेक घास चावून खाऊ लागली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तोंड चालू होतं. घास उतरत नव्हता, तरी तिनं तो उतरवला. डबा संपला तेव्हा पदरानं तोंड पुसून म्हणाली, ‘‘सुशा, ऑपरेशनला मला आत घ्यायचं तर मी धडधाकट पाहिजे. तू फक्त टिकून राहा.’’

भाऊ मरणाच्या दारात असताना उपाशी राहणं सोपं असतं. अशा वेळी आपलं ताट नीट, मापात जेवून संपवायला जी छाती लागते, ती माझ्यात नाही. ताईत आहे.

थंडीत डॉक्टरांनी तिचे रिपोर्ट बघितले आणि मान डोलावली. ऑपरेशन झालं. ती माझ्याआधी उठून चालायला लागली आणि माझ्या खोलीत येऊन मलाच दटावून गेली.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला द्रौपदीआजी खीर घेऊन स्वतः आमच्या घरी आली. डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. घरची, ताजी चालेल म्हणाले होते. आजीनं ताईला वाटी भरून दिली, या वेळी पूर्ण. ताईनं निम्मी खाल्ली, चमचा बदलला आणि वाटी माझ्यापुढे सरकवली.

‘‘ही तुझी,’’ म्हणाली.

कितीतरी दिवसांनी मी खीर खाल्ली. मग वाटी बोटानं चाटूनपुसून साफ केली. आमच्या घरात टाकायची पद्धत नाही.