पेन्सिलीच्या रेघा

बाबा गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली, तर पिवळ्या पाकिटात माझ्या जुन्या फोटोची निगेटिव्ह निघाली. फिल्मचा आंबूस वास नाकात शिरला आणि मी पुन्हा सीताबर्डीच्या स्टुडिओत, तापलेल्या दिव्यांसमोर, आईची जरीची साडी नेसून बसले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. फोटो स्थळांना पाठवायचा होता. फोटोग्राफर माझी हनुवटी वळवायला पुढे आला, तसे बाबा मध्ये उभे राहिले.

"हात नको लावू गा, तोंडानं सांग." निघताना म्हणाले, "निगेटिव्ह मले पाहिजे."

"काहून जी? ते तर आमच्याजवळच राह्यते."

"म्हंजे उद्या माह्या पोरीले काचेत टांगशील."

फोटो आला. माझ्या गालावरचा भाजल्याचा डाग त्यात नव्हताच. पाहायला आलेली उमरेडची मंडळी एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली आणि चहा न घेताच उठली. "त्या फोटोवाल्यानं फसवलं," बाबा भेटेल त्याला सांगत सुटले. त्या दुकानावरून जाताना मीही तोंड फिरवायची.

आज निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली. गालावर पेन्सिलीच्या, केसासारख्या बारीक रेघा होत्या. त्या रेघांनीच फोटोतला डाग बुजवला होता. फोटो दुकानाच्या काचेत लागू नये म्हणून बाबांनी ती मागून आणली, असं मी आजवर समजत होते.

पाकीट उलटं केलं. काय हवं ते गिऱ्हाइकानं स्टुडिओच्या पाकिटावरच लिहून द्यायची तेव्हा पद्धत होती. बाबांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती : 'गालावरचा डाग काढणे.'