चहापुरतं

पाहणीच्या प्रत्येक तक्त्यात शेवटी एक अरुंद रकाना असतो: शेरा. तक्ता आखणाऱ्याला वाटतं, हा रिकामाच राहील. प्रत्यक्षात आकड्यांचे रकाने रिकामे राहतात आणि शेरा मात्र कागद उलटून मागच्या बाजूला वाहू लागतो. अहवाल छापताना तो गाळला जातो. गाळलेला माल जातो कुठे? आमच्या कार्यालयात दुपारी डबे उघडले की तो बाहेर येतो.

मी कृषी अर्थशास्त्र शिकले, साताऱ्यात राहते आणि दूध किती होतं व किती लागतं हे मोजते. गेल्या उन्हाळ्यात एका दूध संघाने आम्हाला वडूजच्या पलीकडचं एक लहान गाव दिलं. तिथल्या संकलन केंद्रात सकाळचं दूध शंभर लिटर भरलं नाही, तर केंद्र बंद होणार होतं. मग बायकांना किटल्या घेऊन पुढच्या केंद्रापर्यंत सहा किलोमीटर चालावं लागलं असतं. म्हणजे बहुतेकींनी म्हशीच विकल्या असत्या. केंद्र चालवणाऱ्या मालनताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मॅडम, तुमी नीट मोजा. आमी नीट घालतो."

रोज भरत होतं चौऱ्याऐंशी.

*

माझा पहिला प्रश्न साधा होता. "घरी किती दूध ठेवता?"

"च्यापुरतं."

दुसऱ्या घरी, "च्यापुरतं." तिसऱ्या घरी, "आता काय सांगायचं, च्यापुरतंच की!"

बावीस घरं, उत्तर एक. विद्यापीठात आम्हाला लिटर आणि मिलिलिटर शिकवले होते; हे एकक अभ्यासक्रमात नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतलं काचेचं उभट मापच घेऊन गेले. एका आजींनी ते फिरवून फिरवून पाहिलं आणि काळजीने विचारलं, "एवढ्या उंच पेल्यात च्या निवतो कवा, बाई?"

बहुतेक घरांचं चहापुरतं अर्ध्या लिटरच्या आसपास निघालं. तात्यांचं निघालं दोन लिटर! तात्या म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेले गृहस्थ. घरी नवरा-बायको दोघंच.

"तात्या, दोघांना दोन लिटर?"

"आवं मॅडम, सोळा वर्सं कंपनीचा लंगर सांभाळलाय. कमी च्या मला करायलाच येत न्हाई!"

गावाचं एकूण चहापुरतं: चौदा लिटर. हा आकडा लक्षात ठेवा.

*

आमच्या तक्त्यात म्हशींना दोनच रकाने होते, दुभती आणि भाकड. तिसरी शक्यता शास्त्राला मान्य नाही.

हिराबाईंना विचारलं, "म्हशी किती?"

"दोन."

गोठ्यात तीन उभ्या होत्या. "मग ही?"

"ती रुसलीय."

चौकशीअंती कळलं ते असं: म्हशीला सुनेच्याच हाताची सवय. सून भांडून माहेरी, दहिवडीला गेली. तेव्हापासून म्हैस दुसऱ्या कुणालाही कासेला हात लावू देत नव्हती. पारडू पिईल तेवढंच, बाकी पान्हा चोरायची आणि वर लाथ मारायची.

"मग सून कधी येणार?"

"त्ये म्हशीला इचारा. आमच्याशी दोघीबी बोलत न्हाईत!"

मी 'रुसलेली' असा तिसरा रकाना आखला. वरिष्ठांनी तो खोडून लिहिलं, 'तपशील अपूर्ण'.

*

केंद्रावर दूध तपासायचं एक छोटं यंत्र आहे. त्याला स्वभाव नाही, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास आहे. एका सकाळी आप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या किटलीत यंत्राने पाणी दाखवलं. मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले, "आप्पा, दुधात पाणी दिसतंय."

आप्पांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. तिथे टँकरसाठी हंड्यांची रांग लागली होती.

"चार दिसांनी टँकर येतोय, मॅडम! प्यायला पानी न्हाई आन् मी दुधात घालू? पानी पुरवायला पान्यात दूध घातलं म्हना, येकवेळ पटंल!"

इतका निर्दोष युक्तिवाद मी विद्यापीठातही ऐकला नव्हता. मी तीनदा तपासलं. यंत्राने तीनदा पाणीच दाखवलं. मालनताईंनी शांतपणे किटली परत केली.

"आप्पा, टँकरचं पानी हाय त्यात. जपून वापरा!"

*

मागणी मोजायला आम्ही सांगलीत गेलो होतो. एका सुशिक्षित बाईंनी दारातच सांगून टाकलं, "आम्ही पिशवीचं दूध घेतच नाही. आमचा गवळी समोर धार काढलेलंच आणतो."

मला कुतूहल वाटलं. तिसरा मजला, शिवाय लिफ्ट बंद!

"तुमच्या समोर?"

"अहो, माझ्यासमोर कशी काढेल? त्याच्यासमोर!"

रकान्यात मी 'ग्राहकाचा विश्वास: पूर्ण' असं लिहिलं. दुसरं लिहिण्याजोगं काही नव्हतं.

*

एका दिवसात बावीसच्या बावीस घरं पुन्हा करायची असं आम्ही ठरवलं. सोबत आमचे चालक कदम. प्रत्येक घरात चहा आला. नको म्हणणं हा तिथे गुन्हा आहे. शिवाय आपल्याबरोबर घरातले सगळे पुन्हा एकदा घेतात. कदमांनी बावीसही कप निष्ठेने संपवले. मी सातव्यानंतर मोजणं सोडून दिलं, आणि मोजणं सोडण्याची माझी ती आयुष्यातली पहिलीच वेळ.

संध्याकाळच्या संकलनानंतर मालनताईंचा चेहरा उतरलेला. "मॅडम, दूध घटलं! चार लिटर!"

मी गंभीर झाले. उष्मा? वैरण? एखादा आजार? "मालनताई, आज गावात वेगळं काय घडलं, नीट आठवून सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कदमांकडे पाहिलं.

"तुमी आलासा की!"

सत्य ते सत्य. मी अहवालात लिहिलं, 'पाहणीचा संकलनावर प्रतिकूल परिणाम'. संघात कुणीतरी ते घाईत वाचलं, त्यांना ती रोगराई वाटली आणि त्यांनी पशुवैद्य पाठवला. त्यालाही बावीस घरी चहा झाला. दूध आणखी घटलं!

*

शेवटी संघाचे साहेब स्वतः सांगलीहून येणार असं ठरलं. त्या सकाळी शंभर भरले तर केंद्र राहणार, नाहीतर कुलूप.

आदल्या दुपारी मालनताईंनी माझा तक्ता मागितला. 'घरी ठेवलेले' या रकान्यावरून त्यांचं बोट सावकाश खाली उतरलं.

"हे चौदा व्हय?"

"चौदा."

"चौऱ्याऐंशी आन् चौदा…" त्यांनी ओठ हलवले. "अठ्ठ्याण्णव. दोन कमीच."

त्या उठल्या आणि थेट हिराबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "मावशी, आजच दहिवडीला जावा. सुनंला आणा."

"मी जाऊ? तिच्या पाया पडू व्हय मी?"

"तिच्या पडू नगा. म्हशीच्या पडतीय आसं समजा!"

दुसऱ्या सकाळी सून स्वतः किटली घेऊन आली. सासू चार पावलं मागे. तीन लिटर! तात्या आले, आजी आल्या, यंत्राला आप्पांच्याही दुधात काही सापडलं नाही. काटा थांबला तो एकशे एकवर.

साहेब संशयी होते. मला ते आवडतं. त्यांनी प्रत्येक कॅनचं झाकण उघडून आत पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, आकडा बरोबर आहे?"

"अचूक आहे," मी म्हणाले. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यावं, ही शिस्त मला लावलेली आहे.

चहा आला. साहेबांनी कपात पाहिलं. कोरा!

"अहो, शंभर लिटर दुधाच्या गावात कोरा चहा?"

"शंभर हाय म्हनून तर कोरा, सायेब!" मालनताई म्हणाल्या.

साहेबांना तो विनोद वाटला. ते मनमोकळं हसले, कप संपवला आणि उठता उठता म्हणाले, "उत्तम! आता महिनाभर रोज एवढंच दाखवा, केंद्र कायम करून टाकतो."

केंद्रापुढे जमलेली बावीस घरांतली माणसं आपापल्या कपात बघत राहिली. सोळा वर्षं लंगर सांभाळलेल्या तात्यांनी कप खाली ठेवला आणि मिशी पुसली.

"मालन," ते म्हणाले, "तुझ्या परड्यात लिंबू हाय न्हवं गं?"