मिरवणुकीतली बिडी

सास्तूरमध्ये या उन्हाळ्यात एका नवरीच्या वडिलांनी मुलीच्या लग्नात स्वतः क्लॅरिनेट वाजवलं. नवरदेवाच्या मिरवणुकीपुढे, मारुतीच्या देवळापासून मांडवाच्या दारापर्यंत. त्याआधीचे सहा महिने त्यांनी वाद्याला तोंड लावलं नव्हतं.

वर्तमानपत्रातली नोकरी सोडल्यावर मी आरोग्य संशोधनाच्या एका पथकात मुलाखती घ्यायचं काम धरलं होतं. बिडी आणि दारूची सवय असलेल्या माणसांमध्ये क्षयरोग कसा पसरतो, हे पथक लोहारा तालुक्यात पाहत होतं. मी प्रश्न विचारायचो, सोबतची परिचारिका थुंकीचा नमुना घ्यायची. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या या गृहस्थांना बरेच दिवस खोकला होता. त्यांच्या ओट्यावर बसून मी विचारलं, "मामा, बिडी कुणासोबत ओढता?"

"कुणासंगं न्हाय. माझी मी. घरात बी न्हाय, पोरगी वरडती."

"आणि दारू?"

"लग्नात देत्यात तेवढीच. न्हाय घेतली तर पाव्हन्यास्नी राग येतो."

त्याच बँडमधल्या ताशेवाल्यानेही हेच सांगितलं. बिडी एकट्याने ओढतो, कुणाची उष्टी घेत नाही. उत्तरं जुळत होती. मी ती तशीच लिहून घेतली.

नमुन्याचा निकाल यायचा होता, तेवढ्यात या बँडला शेजारच्या गावचं लग्न आलं. ढोलवाल्याची मुलाखत राहिली होती, म्हणून मी मिरवणुकीच्या कडेने चालत होतो. गाण्याच्या मधल्या तुकड्यात क्लॅरिनेट थांबलं. मामांनी बिडी पेटवली, झुरका घेतला आणि ती ताशेवाल्याच्या ओठांत ठेवली. त्याचे दोन्ही हात काड्यांत गुंतलेले होते. त्याने ती तशीच ओढली. मामांनी ती काढून ढोलवाल्याच्या तोंडात दिली, तिथून ती ट्रम्पेटवाल्याकडे गेली आणि कडवं संपताना परत आली. ताल कुठंही चुकला नाही. कुठल्या तुकड्याला बिडी कुणाकडे जाणार, हे गाण्याबरोबरच बसवलेलं होतं.

"मामा, एकटे ओढता म्हणाला होता ना?"

"मग? आत्ता कुठं ओढायलोय? वाजवायलोय की."

ताशेवाल्याने काड्या न थांबवता पुस्ती जोडली, "साहेब, ह्येला ओढनं म्हनत न्हाईत. ही ड्युटी हाय."

खोटं कुणीच बोललं नव्हतं. ओढणं म्हणजे निवांत बसून ओढणं, असा त्यांचा हिशेब होता. परतताना मी त्यांच्याच टेम्पोत बसलो. मागची ताडपत्री खाली सोडलेली. आत सगळा बँड, धूर आणि खोकला.

पथकातल्या डॉक्टरबाईंना मी पाहिलेलं सांगितलं. त्या म्हणाल्या, क्षय पसरतो तो मुख्यतः खोकल्याच्या हवेतून. उष्टी बिडी त्यामानाने दुय्यम, बंद टेम्पो जास्त वाईट. धुराने फुप्फुसं कमजोर होतात ते वेगळंच. पण कोण कुणाच्या किती जवळ असतो, हे त्या बिडीने दाखवलं होतं. "बिडी जिथं जिथं गेली, तिथं तिथं तपासणी करू," त्या म्हणाल्या.

मामांचा नमुना पॉझिटिव्ह आला. घरातले सगळे निरोगी निघाले. बँडमध्ये मात्र ताशेवाल्यालाही आजार सापडला, अगदी सुरुवातीचा.

"जन्मात एकदाच काय तरी फुकट दिलंस," तो मामांना म्हणाला, "अन् ते बी टीबी."

"नको असंल तर दे परत," मामा म्हणाले.

दोघांच्या गोळ्या बरोबरच सुरू झाल्या. बिडी आणि दारू बंद. लागण पसरण्याची भीती गेल्यावर ताशेवाल्याला वाजवायची परवानगी मिळाली. मामांच्या छातीवर जास्त परिणाम झाला होता. कोर्स संपेपर्यंत फुंकायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं.

अडचण तिथंच होती. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि कोर्स लग्नाच्या तोंडावर संपणार होता. छातीत वाजवण्याइतका दम परत येईल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. भावकीचं वेगळंच म्हणणं. नवरीच्या बापाने फेटा बांधून मांडवाच्या दारात उभं राहायचं, मिरवणुकीत वाजवायचं कसं? मुलीने माझ्यासमोरच निकाल दिला, "दारात काका हुबारतील. आबा न्हाय वाजवले तर मला बँड बी नको, डीजे बी नको. मुक्यानंच लावा लगीन."

त्यानंतर मामांची एकही गोळी चुकली नाही, असं घरी गोळ्या द्यायला येणाऱ्या गावातल्या आशाताई सांगत. एकदा मी गेलो तेव्हा ते अंघोळीच्या पाण्याच्या चुलीपुढं फुंकणी घेऊन बसले होते. राख उडून मिशीवर बसली होती.

"इतक्या वर्सांत कधी चूल फुंकली न्हाय," मामी म्हणाल्या, "आन् आता उठता बसता फुंकायलेत."

"डॉक्टरबाईंनी वाद्य बंद केलंय. फुंकणीचं काय बोलल्या न्हाईत."

मी ते डॉक्टरबाईंना कळवलं. दुसऱ्या दिवशी फुंकणीही बंद झाली. मामांनी नंतर काही दिवस मला चहा बिनसाखरेचा दिला.

कोर्स संपल्यावर दोघांची थुंकी स्वच्छ आली. मामांचा एक्सरे बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "वाजवा. पण दम लागला की थांबायचं. हट्ट नको."

लग्नाच्या दिवशी मिरवणूक देवळापासून निघाली. भूकंपानंतर वसवलेल्या गावाचे रस्ते सरळ, त्यामुळे मांडव तिथूनच दिसत होता. पहिल्या ओळीच्या मध्यावर मामांचा श्वास तुटला. क्लॅरिनेट खाली आलं. ताशेवाल्याने त्यांच्याकडे न बघता ताल चढवला आणि दोन आवर्तनं एकट्याने भरून काढली. मग ते पुन्हा सुरू झाले. या वेळी ओळ पूर्ण झाली. नवरदेवाकडचे लोक नाचू लागले. त्यांना काही कळलंही नव्हतं.

मधल्या तुकड्यात मामांचा हात सवयीने खिशात गेला. त्यांनी लिमलेटची गोळी काढली, कागद सोडवला आणि ती ताशेवाल्याच्या तोंडात ठेवली. दुसरी ढोलवाल्याला दिली, तिसरी ट्रम्पेटवाल्याला.

"धूर कसा न्हाय येत रं ह्याचा?" ताशेवाला ओरडला.

"चोख गप."

मांडवाच्या दारापर्यंत ते वाजवत गेले. वाटेत आणखी दोनदा थांबले. दारात त्यांच्या भावाने आपला फेटा काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला. अक्षता पडल्या तेव्हा ते मुलीच्या मागे उभे होते आणि क्लॅरिनेट त्यांच्या काखेत होतं.